सर्व्हेवाले दारात आले तर : मनाच्या आरोग्याच्या संशोधनात आपण नुसतं उत्तर द्यायचं की भागीदार व्हायचं?



आपल्या दारात कागद घेऊन येणाऱ्यांची आपल्याला सवय आहे. कुणी शौचालय मोजायला येतं, कुणी घरकुलाचं विचारतं, कुणी बाळाचं वजन लिहून नेतं. हल्ली कागदाच्या जागी टॅब असतो, एवढाच फरक. आपण ओट्यावर बसून उत्तरं देतो, पाणी विचारतो आणि ते निघून जातात. त्या उत्तरांचं पुढं काय झालं, ते बहुतेक वेळा कळत नाही.

या अंकात बोलायचं आहे ते वेगळ्या सर्व्हेबद्दल. मनाच्या आजाराचा सर्व्हे. त्यात प्रश्न असतात ते असे : झोप लागते का? कशात मन लागतं का? मरून जावं असं वाटतं का? हे प्रश्न शौचालयासारखे नाहीत. सासू शेजारी बसलेली असताना याचं खरं उत्तर कोण देईल? आणि एखादीनं धीर करून दिलंच, तर फॉर्म भरून झाल्यावर तिच्याकडं कोण बघणार?

म्हणून असं संशोधन आपल्या गावात आलं तर त्याला "या" म्हणायचं की "नको", आणि "या" म्हणायचं तर कोणत्या अटीवर, हे आधीच समजून घेतलेलं बरं. संशोधन वाईट नसतं. ते कसं केलं यावर सगळं अवलंबून असतं.

संशोधनाची गरजच काय?

आपल्याकडं दुखणं काय आहे ते आपल्याला माहीतच आहे, मग मोजायचं कशाला, असं कुणीही विचारेल. सोयाबीनला भाव नाही, पाऊस कधी नाही तर कधी अतिवृष्टी, डोक्यावर कर्ज, घरात दारू, पोरीच्या लग्नाची काळजी. याला संशोधन कशाला पाहिजे?

पाहिजे, कारण जे मोजलं जात नाही त्याला पैसा मिळत नाही. एक उदाहरण बघा. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेनं २०१५-१६ साली देशाचं मोठं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १२ राज्यं होती, गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं, छत्तीसगड होतं. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या सर्वेक्षणात दिसलं की साधारण दर १० मोठ्या माणसांमागं एकाला मनाचा काही ना काही आजार आहे, आणि आजारानुसार १०० पैकी ७० ते ९२ जणांना उपचारच मिळत नाहीत. देशभर हा आकडा सांगितला जातो, पण त्यात ना सेनगावची बाई मोजली गेली, ना हिंगोलीचा शेतकरी.

मोजलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथं लहान बाळं फार दगावत होती. त्यांनी ३९ गावांमधल्या बायांना शिकवलं. त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचा श्वास मोजायच्या, वजन करायच्या, गरज पडली तर औषधही द्यायच्या. शेजारच्या दुसऱ्या गावांशी तुलना केली तेव्हा दिसलं की या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली छापून आलं. २०११ पासून सरकारनं घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू केला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी चकरा मारते, त्यामागं गडचिरोलीच्या त्या बायांचं काम आहे. गावातल्या बायांनी नुसती माहिती दिली नाही, कामही त्यांनीच केलं आणि मोजलंही त्यांनीच. भागीदारी म्हणतात ती हीच.

अमरावतीच्या ३० गावांत काय झालं

आता मनाच्या आरोग्याकडं येऊ. आपल्या तालुक्याला लागून वाशीम जिल्हा, त्याच्या पलीकडं अमरावती. माती तीच, पिकं तीच, सोयाबीन, कापूस, तूर. कर्जाचं आणि आत्महत्यांचं दुखणंही तेच. तिथल्या ३० गावांत २०११ नंतरच्या काळात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गोव्याची 'संगाथ' आणि नागपूरची 'प्रकृती' या संस्था त्यात होत्या, टाटा ट्रस्टचं पाठबळ होतं.

त्यांची रचना तीन पायऱ्यांची होती, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पहिली पायरी म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. ती गावातच राहणारी. छोट्या छोट्या बैठका घेऊन मनाच्या आजाराबद्दल बोलायची, कोण त्रासात आहे ते ओळखायची, पहिला आधार द्यायची.

दुसरी पायरी म्हणजे समुपदेशक. हे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. उदासी आणि दारू या दोन्हींसाठी ती काही भेटींमध्ये पद्धतशीर बोलायची.

तिसरी पायरी म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. ज्यांना औषधाची गरज आहे त्यांच्यासाठी.

काम सुरू होण्याआधी गावातल्या मोठ्या माणसांचा सर्व्हे केला, आणि १८ महिने काम झाल्यावर पुन्हा केला. निकाल २०१७ साली जाहीर झाला. आधी काय होतं? उदासीचा आजार असलेल्या १०० जणांपैकी मदत मागायला गेलेले होते फक्त ४. नंतर ते झाले २७. उदासीचं प्रमाण १०० मध्ये साधारण १५ वरून ११ वर आलं. मागच्या वर्षभरात जीव द्यावा असं वाटलं, असं सांगणारे १०० मध्ये ५ होते, ते अडीचवर आले.

हे आकडे आपण पासबुक वाचतो तसे वाचायला शिकलं पाहिजे, म्हणजे जमेची बाजूही बघायची आणि बाकीही. जमा ही की ४ चे २७ झाले, दीड वर्षात, आणि तेही गावातल्याच माणसांच्या जिवावर. बाकी ही की १०० पैकी ७३ जण तरीही मदतीपर्यंत पोचले नाहीत. शिवाय कार्यक्रम नसलेली शेजारची गावं तुलनेला घेतलेली नव्हती. त्यामुळं उदासी कमी झाली ती सगळी या कामामुळं, की त्या वर्षी पीकपाणी वगैरे दुसरंही काही कारण होतं, हे शंभर टक्के सांगता येत नाही. चांगलं संशोधन आपली बाकीही लपवत नाही. कुणी तुम्हाला नुसती जमा दाखवत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा.

"आमच्यासारखीच कुणीतरी पाहिजे"

गोव्यात बाळंतपणाच्या काळात उदास राहणाऱ्या आयांसाठी एक काम झालं. सुरुवातीलाच संशोधकांनी आयांना आणि घरच्यांना विचारलं, तुमच्याशी बोलायला कोण आलेलं आवडेल? उत्तर आलं की आमच्याच भागातली, आमच्यासारख्याच घरातली, आई झालेली, नीट बोलणारी बाई पाहिजे. मग तशाच बाया निवडल्या, त्यांना शिकवलं. त्यांना 'सखी' म्हणायचे. २८० आयांमध्ये हे काम तपासलं गेलं. त्याचा निकाल २०१९ साली आला. सखी मिळालेल्या आयांमध्ये बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं. फरक फार मोठा नव्हता, पण खर्चही थोडा होता.

त्याआधी गोव्यातच सरकारी आरोग्य केंद्रांत शिकवलेल्या समुपदेशक बसवून पाहिलं होतं. २०१० साली त्याचा निकाल आला. सहा महिन्यांनी, समुपदेशक असलेल्या केंद्रांत १०० पैकी ६६ रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या केंद्रांत ४२-४३. म्हणजे मनाच्या साध्या आजारात गावातली शिकवलेली बाई खरोखर उपयोगी पडते, हे आता अनुभवावर नाही तर मोजून सिद्ध झालेलं आहे.

आणि बचत गटाचं? पुण्याच्या आयएलएस संस्थेच्या मानसिक आरोग्य केंद्रानं 'आत्मीयता' नावाचं काम नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत सुरू केलं. त्यात गावातलेच 'आत्मीयता मित्र' त्रासातली माणसं ओळखायचे आणि त्याहून जास्त शिकलेले गावातलेच कार्यकर्ते त्यांच्याशी बोलायचे. नुसतं बोलणंच नाही. पेन्शन, निराधार योजना, अपंगाचा दाखला यांतही मदत करायचे. कारण चूल पेटत नसेल तर नुसत्या समजावण्यानं मन कसं ताळ्यावर येणार? पुढं हे काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झालं.

आपण दर आठवड्याला किंवा महिन्याला बसतो. कुणाचा हप्ता थकला ते कळतं, आणि हप्ता का थकला तेही कळतं. कोण दोन बैठका आली नाही, कोण आली पण गप्प बसली, हे लिपिकेच्या वहीत नसतं पण आपल्या लक्षात असतं. ही माहिती कुठल्याच दवाखान्याकडं नाही. म्हणूनच संशोधक गटाकडं येतात, आणि म्हणूनच आपण अट घालू शकतो.

आपल्याला जे कळतं ते त्यांना का लागतं

उदासी ओळखायला जगभर एक नऊ प्रश्नांची यादी वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं, असं विचारतात. कशात रस वाटला नाही, उदास वाटलं, झोपेचा त्रास झाला, थकवा आला, भूक कमी-जास्त झाली, आपण कुचकामी आहोत असं वाटलं, लक्ष लागलं नाही, हालचाल मंदावली किंवा अस्वस्थ वाटलं, आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं असं वाटलं का. उत्तरांना गुण देतात आणि बेरीज करतात. ही बेरीज म्हणजे निदान नाही. कुणाला जास्त तपासायला हवं एवढंच त्यातून कळतं.

आता हीच यादी आपल्याकडं आणून बघा. "तुम्हाला नैराश्य आहे का?" असं विचारलं तर निम्म्या बाया "न्हाई बा" म्हणतील. आपल्याकडं नैराश्य कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, करमत नाही. जीव घाबरतो. डोक्यात विचार थांबत नाहीत. टेन्शन आहे. अंगात त्राण नाही. हात-पाय गळून गेल्यावाणी होतात. सर्व्हेत हे शब्द नसतील तर आजार दिसणारच नाही.

झोपेचंही तसंच. रात्रीची लाईट असेल तर हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री उठावं लागतं. ती झोप मोडणं आजारानं नाही, महावितरणच्या वेळापत्रकानं आहे. खुरपणीच्या दिवसांत थकवा कुणाला नसतो? आणि उपासाच्या महिन्यात भूक कशी मोजणार? हे गावातल्या बाईला लगेच कळतं, शहरातून आलेल्या मुलीला कळत नाही. तिचा दोष नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. आपल्या भागातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्या घराला कुलूप असतं. हिवाळ्यात सर्व्हे झाला तर "घर बंद" असा शेरा मारून पुढं जातात. म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण, ज्या बाया कोपीवर राहून पहाटेपासून मोळ्या उचलतात, त्याच मोजणीतून सुटतात. तांड्यावर जायचं तर भाषा गोरमाटी. म्हाताऱ्या बाईला मराठी प्रश्न नीट कळला की नाही, हे कुणी बघितलं का? प्रश्न कधी विचारायचे, कुठं, कुणी, कोणत्या भाषेत, हे ठरवायला आपण बसलो तर संशोधनही खरं होईल.

"हो" म्हणण्याआधी विचारायचे सात प्रश्न

कुणी संस्था, कॉलेज किंवा सरकारी पथक गटाकडं किंवा ग्रामसंघाकडं आलं तर हे सात प्रश्न बैठकीत उघड विचारा. यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या संशोधकाला हे प्रश्न आवडतात, कारण त्यांच्या नियमांतही हेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०१७ साली संशोधनाचे नीतिनियम छापले आहेत.

१. तुम्ही कोण, पैसा कुणाचा, आणि नीती समितीची मंजुरी आहे का? माणसांवर होणारं कुठलंही आरोग्य संशोधन आधी नीती समितीनं तपासलेलं असावं लागतं. मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स मागा. "सरांना माहीत आहे" हे उत्तर चालत नाही.

२. माहितीपत्रक मराठीत आहे का? काय विचारणार, किती वेळ लागणार, त्रास काय होऊ शकतो, फायदा काय, फोन कुणाला करायचा, हे सोप्या मराठीत लिहिलेलं पाहिजे. एक प्रत आपल्याकडं राहिली पाहिजे. ज्या ताईला वाचता येत नाही तिला वाचून दाखवायचं, आणि अंगठा घेताना त्यांच्या माणसांव्यतिरिक्त एक साक्षीदार असायला पाहिजे.

३. मध्येच "नको" म्हणता येईल का? येईल. कारण सांगायचीही गरज नाही. नाही म्हटलं म्हणून दवाखान्यातली औषधं, कर्ज, योजना, काहीही अडता कामा नये.

४. बोलणं कुठं होणार, आणि कुणाला कळणार? मनाचं बोलणं ओट्यावर होत नाही. एकटीशी, आडोशाला, बाईनंच बोललं पाहिजे. नाव वेगळं, उत्तरं वेगळी ठेवतात का? टॅब हरवला तर? फोटो काढणार का? फोटो काढू नका असं स्पष्ट सांगता येतं.

५. नवव्या प्रश्नाला "हो" आलं तर त्याच दिवशी काय करणार? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ज्यांच्याकडं याचं उत्तर नाही, त्यांना सर्व्हे सुरू करू देऊ नका. त्या बाईशी लगेच कोण बोलणार, तिला कुठं नेणार, गाडीभाडं कुणाचं, दोन दिवसांनी तिची चौकशी कोण करणार, हे आधी कागदावर पाहिजे. दुखणं उकरून काढायचं आणि तसंच उघडं टाकून जायचं, याला आपण संशोधन म्हणणार नाही. घरात मारहाण होते असं कळलं तर काय करणार, हेही यातच विचारा.

६. आमच्या वेळेचं काय? गावातली ताई महिनाभर त्यांच्यासोबत फिरणार असेल, प्रश्नांची भाषा सुधारून देणार असेल, तर ते काम आहे. त्याचा मोबदला ठरवा. उत्तर देणाऱ्या बाईची मजुरी बुडत असेल, प्रवास होत असेल, तर ते भरून देणं नियमात बसतं. पण पैशाच्या लोभानं कुणी "हो" म्हणेल इतकी मोठी रक्कम देणं चुकीचं आहे.

७. निकाल आम्हाला कधी, आणि कुठल्या भाषेत सांगणार? गटाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो. तसाच याचाही हिशेब ग्रामसंघाच्या बैठकीत, मराठीत, वाचून दाखवला पाहिजे. आणि काम संपल्यावर इथं काय राहणार? शिकवलेली ताई राहणार का? आरोग्य केंद्रात औषध राहणार का?

आपल्याही अंगावर जबाबदारी आहे

भागीदार म्हटलं की हक्काबरोबर जबाबदारी येते. तीन गोष्टी आपल्यातच सांभाळाव्या लागतील.

एक, ग्रामसंघाचा ठराव म्हणजे प्रत्येकीची संमती नव्हे. ग्रामसंघानं "गावात काम करायला हरकत नाही" असा ठराव घेतला तरी प्रत्येक बाईला स्वतंत्र विचारावंच लागतं. आयसीएमआरचे नियमही हेच सांगतात. "अध्यक्षताई म्हणाल्या म्हणून सही केली" असं व्हायला नको. पुढच्या कर्जाचा विषय आणि या सर्व्हेचा विषय एकाच बैठकीत घेऊ नका. कर्जासाठी नाव लावायचं असलेली बाई "नाही" म्हणू शकत नाही.

दोन, ऐकलेलं पोटात ठेवायचं. गाव लहान असतं. "अमकीच्या डोक्यात फरक पडलाय" हे नळावर बोललं गेलं की तिच्या पोरीच्या सोयरिकीपर्यंत जातं. गटाच्या वहीत, इतिवृत्तात कुणाच्या मनाच्या आजाराचं नाव लिहू नका. ज्या ताईला ऐकलेलं पोटात ठेवता येत नाही, ती बाकी कितीही हुशार असली तरी या कामाला निवडू नका.

तीन, आपण डॉक्टर नाही. ऐकणं, सोबत जाणं, गोळी चालू आहे का विचारणं, कागदपत्रांत मदत करणं, हे आपलं काम. गोळी सुरू किंवा बंद करणं आपलं काम नाही. देवाचं कुणी करत असेल तर करू द्या, त्यावर वाद नको. पण त्यासाठी औषध थांबवू नका आणि दवाखान्याला उशीर करू नका.

ग्रामसंघात मांडायचा ठराव

पुढच्या बैठकीत हा मसुदा वाचा, आपल्या गावाप्रमाणं बदला :

"आमच्या गावात मानसिक आरोग्याविषयी कुठलंही सर्वेक्षण किंवा संशोधन करावयाचे असल्यास संबंधितांनी प्रथम ग्रामसंघाच्या बैठकीत येऊन माहिती द्यावी. नीती समितीच्या मंजुरीची प्रत व मराठी माहितीपत्रक सादर करावे. तातडीच्या प्रसंगी मदत कशी देणार हे लेखी द्यावे. प्रश्नावली गावातील किमान पाच महिलांसोबत तपासून घ्यावी; त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील व तांड्यावरील महिलेचा समावेश असावा. काम संपल्यावर निकाल याच बैठकीत मराठीत सांगावा. वैयक्तिक संमती प्रत्येक महिलेची स्वतंत्र राहील. नकार देणाऱ्या महिलेवर कोणताही दबाव आणला जाणार नाही."

संशोधक येण्याची वाटही बघत बसायला नको. एक काम आपण आजच करू शकतो. कुणाचंही नाव न लिहिता पाच गोष्टी गोळा करा. मनाच्या आजाराच्या डॉक्टरपर्यंत जायला आपल्या गावाहून किती किलोमीटर? एसटी किती वाजता, तिकीट किती? त्या दिवसाची मजुरी किती बुडते? गोळ्या किती दिवसांच्या मिळतात, संपल्यावर कुठं मिळतात? सोबत कोण जातं? दहा गावांची अशी माहिती प्रभागसंघात एकत्र आली, तर ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढं ठेवता येते. हेही संशोधनच आहे, आणि प्रश्न आपले आहेत.

आणि ही मागणी म्हणजे उपकार मागणं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, २०१८ पासून लागू आहे. सरकारी दवाखान्यातून मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा त्या कायद्यानं प्रत्येकाचा हक्क आहे. आजारी माणसाला संशोधनात घ्यायचं तर त्याची मोकळेपणानं दिलेली संमती लागते, हेही त्यात लिहिलेलं आहे. कुणी जीव देण्याचा प्रयत्न केला तर ते माणूस फार मोठ्या ताणाखाली होतं असंच कायदा धरतो, म्हणून पोलिसांच्या भीतीनं घरातच लपवून ठेवू नका. २०१५ साली आपल्या मराठवाड्यात आणि पश्चिम विदर्भात शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, आशाताईंनी घरोघरी विचारपूस केली. तुमच्या गावात त्याचं पुढं काय झालं, आरोग्य केंद्रात विचारा. विचारत राहिलं की काम चालू राहतं.

आज कुणाला गरज असेल तर

सर्व्हे, ठराव होत राहतील. पण हा अंक वाचताना एखादीचा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल, तर थांबू नका.

- टेलिमानस : १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारी सेवा. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.
- घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१. तातडीचं असेल तर ११२.
- "मेलेलं बरं" असं कुणी बोललं तर हसण्यावारी नेऊ नका, ओरडू नका. सरळ विचारा, "ताई, जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.
- फवारणीची औषधं घरात उघड्यावर, माळ्यावर, धान्याजवळ ठेवू नका. पेटीत कुलूप लावून ठेवा, चावी दुसऱ्याकडं द्या.
- कित्येक दिवस झोप नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, एकटंच बडबडणं चालू आहे, खाणंपिणं सोडलं आहे, असं असेल तर नुसत्या बोलण्यानं भागणार नाही. डॉक्टर लागेल.

मैत्रिणींनो, बचत गट सुरू झाला तेव्हा बँकेत आपल्याला कुणी खुर्ची देत नव्हतं. आज मॅनेजर साहेब स्वतः बैठकीला येतात, कारण आपला हिशेब चोख आहे. मनाच्या आरोग्याच्या कामातही आपली जागा अशीच मिळेल. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या, सात प्रश्न मोठ्यानं वाचा, आणि तुमच्या गावानं आठवा प्रश्न काय जोडला ते प्रभागसंघाच्या कार्यालयात लिहून पाठवा. पुढच्या अंकात ते सगळे प्रश्न छापू.